पाणी न मागणारं झाड

ईडन प्रेरी, मिनेसोटा
रविवार, १२ ऑक्टोबर

प्रिय ऋता,

आज सकाळी साडेसहाला उठलो. बाहेर अडतीस डिग्री फॅरनहाइट होतं. चहा केला, अंघोळ केली, देवापुढे दिवा लावला. नऊच्या सुमारास तुझ्या पुस्तकांची राहिलेली दोन खोकी भरून टेप लावली आणि वर मार्करने तुमच्या नव्या गावाचं नाव लिहिलं, ‘बॉथेल’. दुपारी मुगाची खिचडी केली. अंदाज चुकला, जास्त झाली. रात्रीला होईल. घर विकायची पाटी एजंट बाई कालच उपटून घेऊन गेल्या. एकतीस तारखेला किल्ल्या द्यायच्या आहेत. आज रात्री पहिल्यांदा गोठणार, असं फोनवर दाखवतंय.

पत्र पाहून तू घाबरू नकोस, तब्येत ठीक आहे. फोन रोज होतो, पण फोनवर अनया आजोबांशी बोलते. तू मागून विचारतेस, ‘बाबा, गोळी घेतली का?’ मी ‘हो’ म्हणतो, आणि आपलं तेवढ्यावर संपतं. जे सांगायचं आहे ते मला तोंडाने सांगता येणार नाही. लिहायचीही मला फारशी सवय नाही. आमच्याकडे सासऱ्याने सुनेला पत्र लिहिताना ‘चि. सौ.’ लिहायची पद्धत होती. सकाळपासून तीन कागद त्याच जागी अडले. शेवटी ‘प्रिय’ लिहिलं. हा शब्द मी तुझ्या सासूबाईंना, नीलालाही कधी लिहिला नव्हता. त्यांना मी साइटवरून लिहायचो ते असं, की सिमेंट आलेलं नाही, शनिवारी येत नाही, दुधवाल्याला सांगणे.

जूनमध्ये तू मला एक प्रश्न विचारला होतास. त्याचं उत्तर मी दिलेलं नाही. ते द्यायचं आहे. पण त्याआधी मला ओजसच्या झाडाबद्दल सांगितलं पाहिजे, कारण त्या बाबतीत मी तुमच्याशी खोटं वागलो आहे.

ते झाड त्याने लावलं त्या दिवशी तू घरात मीटिंगमध्ये होतीस. सगळ्यांचं घरूनच काम चालू होतं तो दुसरा उन्हाळा. ड्राइव्हवेच्या कडेला, दक्षिणेच्या बाजूला, जिथे गवतसुद्धा करपायचं, तिथे तो सकाळपासून खणत होता. इथली काळी माती किती छान आहे हे मी तुला सांगायला नको. आमच्या सांगोल्याकडे अशी माती मिळाली असती तर लोकांनी ती कपाळाला लावली असती. आणि हा पठ्ठ्या ती घमेली भरभरून काढून मागे टाकत होता, आणि खड्ड्यात भरत होता वाळू आणि बारीक खडी. मी म्हटलं, अरे, झाड लावतोयस की पाया भरतोयस? तो म्हणाला, “बाबा, याला चांगलं काही द्यायचं नाही. खत दिलं की आडवं पडतं, पाणी दिलं की मरतं.” मग त्याने कुंडीतून ते रोप काढलं. सी हॉली नाव. मला हसू आलं. निळसर, काटेरी, बोंडासारखं फूल. माळरानावरच्या उंटकटारीची बहीणच म्हणायची. मी म्हटलं, गाढवसुद्धा ज्याला तोंड लावत नाही ते तू नर्सरीतून पैसे देऊन आणलंस? तो म्हणाला, “तुम्हाला घरच्यासारखं वाटावं म्हणून.” थट्टेत म्हणाला. पण नीला गेल्यावर मी इथे मुलाकडे राहायला आलो त्याला तेव्हा चारच वर्षं झाली होती, आणि मला घरच्यासारखं वाटत नव्हतं हे मी त्याला कधी सांगितलेलं नव्हतं.

पुढच्या जुलैत ते कमरेएवढं झालं. फूलच नाही, वरचा देठही निळा होतो हे पाहून मी रोज दोन फेऱ्या मारायचो. हात लावला की टोचायचं, मधमाश्यांना मात्र काही वाटायचं नाही. तू त्यातले सातआठ देठ कापून उलटे टांगून वाळवलेस आणि माझ्या पितळी तांब्यात ठेवलेस. रंग पुढे वर्षंच्या वर्षं तसाच राहिला. त्याच वर्षी नोव्हेंबरात ओजस गेला. त्या गुरुवारबद्दल मी लिहीत नाही. त्याच्या आधीच्या रविवारी त्याने बागेचा पाइप नळावरून सोडवून, पाणी काढून, गुंडाळून गराजमध्ये टांगला होता. त्या वर्षी त्याला उशीर झाला होता. मला म्हणाला, “बाबा, हे लक्षात ठेवा. पाइप लावलेला राहिला तर आत पाणी गोठतं आणि भिंतीतला नळ फुटतो.” घरातलं त्याने केलेलं शेवटचं काम माझ्या माहितीत तेच.

येत्या महिन्यात तीन वर्षं होतील. पहिलं वर्ष तू आणि मी कसं काढलं ते तुला माहीत आहे. आपण दोघंही रडणाऱ्यांतले नाही. तू डबे भरायचीस, मी अनयाला बसपर्यंत सोडायचो. ते झाड मात्र आपलं आपण येत राहिलं. दोन्ही उन्हाळ्यांत तू मला बजावायचीस, ‘बाबा, त्याला पाणी नको हं.’ मी घालत नव्हतो. पण मला ते बघवत नव्हतं हे खरं. तीस वर्षं मी पाटबंधारे खात्यात काढली. कालव्याचं पाणी टोकाच्या शेतापर्यंत पोचलं नाही की शेतकरी ऑफिसच्या दारात येऊन बसायचे. तहानलेली जमीन दिसली की मला आपलीच काहीतरी चूक आहे असं वाटतं. जुलैच्या उन्हात बाकी सगळ्या बागेला पाणी आणि ते एक झाड कोरड्या खडीत. ओजसचंच नेमकं.

यंदा मेच्या शेवटी राजेश तुमचं बॉथेलला न्यायचं सामान बांधायला मदतीला आले. मी तेव्हा त्यांचा उल्लेख ‘ते गृहस्थ’ असा करत होतो, हे तुझ्या लक्षात आलं असेलच. ते हॉटेलात उतरले, आपल्या घरी राहिले नाहीत, याबद्दल मी मनात त्यांना मार्क दिले आणि लगेच काढूनही घेतले. दुसऱ्या दिवशी मी पाइप घेऊन बाहेर होतो. तुझं लक्ष नव्हतं, म्हणून मी त्या झाडावरही थोडी धार धरली. ते खोका घेऊन चालले होते. थांबले, वाकले, बुडाशी बोट घालून बघितलं आणि म्हणाले, “काका, हे कोरडंच ठेवा. मुळं कुजतात याची.” मी म्हटलं, “अहो, मी तीस वर्षं पाणीच मोजलंय. कुणाला किती द्यायचं ते मला कळतं.” ते म्हणाले, “बरोबर आहे काका,” आणि खोकं उचलून गेले. तू गराजच्या दारात उभी होतीस. नंतर मला हळूच म्हणालीस, “बाबा, त्याच्या आईची नागपूरला नर्सरी होती. तो रोपांतच वाढलाय.” मी म्हटलं, असेल. दुसऱ्या दिवशी मी त्या झाडाला बादलीभर पाणी घातलं. बहात्तर वर्षांच्या माणसाने असं वागावं का? वागलो.

मग तो जूनमधला शुक्रवार. अनयाच्या शाळेचा शेवटचा आठवडा. तू ओट्याशी भेंडी चिरत होतीस आणि मी टेबलापाशी बसून तिच्या सायकलचं कुलूप दुरुस्त करत होतो. मान न वळवता तू म्हणालीस, “बाबा, लग्नाची तारीख बावीस नोव्हेंबर धरलीय. बॉथेललाच, घरच्या घरी. तिथे दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात. एक राजेशची बहीण करणार आहे. दुसरी तुम्ही कराल?” सुरी चालूच होती. मी कुलपाचा स्क्रू पिळत राहिलो. मग तू सुरी खाली ठेवलीस आणि म्हणालीस, “नाही म्हणालात तरी चालेल, बाबा. पण काहीतरी म्हणा.”

मी चपला घातल्या, बाहेर गेलो आणि नळ सोडला. अर्धा तास त्या एका झाडावर पाइप धरून उभा होतो. खडीतून पाणी वर यायला लागलं तरी धरून होतो. स्वयंपाकघराच्या खिडकीशी तू दोनदा आलीस, ते मला दिसलं होतं. आत आलो तेव्हा माझं ताट झाकून ठेवलेलं होतं आणि तू वर निघून गेली होतीस. नंतर तू ते पुन्हा काढलं नाहीस. निघताना एवढंच म्हणालीस, “झाड नेता येत नाही, मूळ फार खोल जातं त्याचं, तुटलं तर जगत नाही. तेवढं सांभाळा.” मी म्हटलं, घराचं उरकून मी येतो. कधी येतो ते तू विचारलं नाहीस.

तुम्ही गेल्यापासून मी त्याला रोज पाणी घातलं. सकाळी अंघोळ झाली की नीला तुळशीला घालायची तसं, तांब्याभर. संध्याकाळी पुन्हा पाइपने. ते सांभाळायला सांगितलं होतंस आणि मला सांभाळणं म्हणजे तेवढंच येतं. घरात दुसरं कुणी नव्हतं ज्याला काही द्यावं. जुलैत ते वाकायला लागलं. मी काठ्या लावल्या. फुलं आली, पण राखेच्या रंगाची. मला वाटलं, उन्हाने असेल, म्हणून पाणी वाढवलं. ऑगस्टच्या नऊ तारखेला सकाळी पिवळं पान काढायला हात घातला तर सगळं झाड हातात आलं. मूळ काळं पडलं होतं आणि त्याला नाल्यासारखा वास येत होता. मी तिथेच ड्राइव्हवेवर बसलो. शेजारच्या बाई कुत्रा घेऊन चालल्या होत्या, त्यांनी ‘आर यू ओके?’ विचारलं. मी ‘ओके’ म्हटलं.

ऋता, इथपर्यंत चूक होती. पुढचं मात्र मी समजून केलं. त्याच दिवशी संध्याकाळी अनयाचा व्हिडिओ कॉल आला आणि ती म्हणाली, “आजोबा, शो मी बाबाज ब्लू प्लांट!” मी म्हटलं, थांब, चपला घालतो. फोन पालथा ठेवला, पितळी तांब्यातले तुझे वाळवलेले देठ काढले, बाहेर जाऊन त्या खड्ड्यात खोचले आणि लांबून दाखवले. ती ‘इट्स सो ब्लू!’ म्हणाली. असं मी ऑगस्टमध्ये चारदा केलं आणि सप्टेंबरमध्ये दोनदा. तिसऱ्या खेपेला तू तिच्या मागे येऊन उभी राहिलीस आणि बराच वेळ स्क्रीनकडे बघत होतीस. वारा सुटला होता आणि बाकी सगळं हलत असताना ते देठ ताठ उभे होते. तुला कळलं असणार. तू फक्त म्हणालीस, “बाबा, उन्हात फार वेळ उभे राहू नका.” नोकरीत मी मोजमाप पुस्तकात कधी खोटा आकडा लिहिला नाही. त्यापायी एकदा बदली झाली, तरी लिहिला नाही. आणि नऊ वर्षांच्या मुलीला मी मेलेलं झाड जिवंत म्हणून दाखवत होतो.

सप्टेंबरच्या शेवटच्या सोमवारी कचऱ्याचा डबा रस्त्यापर्यंत ओढत नेत होतो. ड्राइव्हवेच्या पलीकडच्या कडेला, जिथे नुसती खडी आहे आणि जिथे मी कधी थेंबभर पाणी टाकलेलं नाही, तिथे तीन छोटी रोपं दिसली. जमिनीला चिकटलेली, गोलसर गुळगुळीत पानं. काटा एकही नाही. तण असेल म्हणून उपटायला वाकलो, आणि हात मागे घेतला. यावेळी म्हटलं, आधी विचारावं. फोटो काढला. कुणाला पाठवायचा यावर एक दिवस घालवला. मग राजेशला पाठवला. त्याचा नंबर तू निघताना फ्रिजवर लावून ठेवला होतास, त्यावर माझा पहिला निरोप हा. दोन मिनिटांत उत्तर आलं, “हो काका, तेच आहे. पहिली पानं अशीच साधी असतात, काटे नंतर येतात. बी पडून आलंय. हात लावू नका आणि पाणी घालू नका.” मग थोड्या वेळाने आणखी एक, “मोठं झाड गेलं का?” मी लिहिलं, गेलं. माझ्यामुळे गेलं. ऋताला मी स्वतः सांगतो, तू सांगू नकोस. त्याने लिहिलं, “नाही सांगणार.” त्याला दोन आठवडे होत आले. काल तू फोनवर अनयाला म्हणालीस, आजोबांना विचार झाड कसं आहे, तेव्हा मला कळलं की त्याने खरंच सांगितलेलं नाही. माणसाबद्दल मला जे माहीत करून घ्यायचं होतं ते मला त्यातून कळलं. आणि त्या दिवशी पाण्याबद्दल त्याचं बरोबर होतं, माझं चुकलं होतं, हे मी त्याला समोर सांगेन.

मुद्द्याचं आता लिहितो. त्या शुक्रवारी मी उठून गेलो ते तू चुकीचं काही विचारलंस म्हणून नाही. तुला तसं वाटलं असेल आणि चार महिने मी तसं वाटू दिलं, याची मला लाज वाटते. आमच्या खात्यात कामाचं शेवटचं मोजमाप झालं की मी त्याखाली सही करायचो. सही झाली की ते काम संपलं, फाइल वर जायची, पुन्हा त्या पाटावर जायचं कारण उरायचं नाही. तू सहीचं म्हणालीस आणि मला तेच दिसलं. मी सही केली की ओजसचं काम बंद. बाकी काही नव्हतं. लोक काय म्हणतील हेही नव्हतं, ते मी नीला गेल्यावर सांगोल्यातच ठेवून आलो. पण मी न बोलल्याने त्याचं काही चालू राहिलं नाही. फक्त तू खिडकीत उभी राहिलीस. तर उत्तर असं आहे, की मी सही करीन. पूर्ण नावाने, मनोहर गोविंद देशमाने, मराठीत चालत असेल तर मराठीत. तू मला दोनदा विचारायची गरज नव्हती आणि तू विचारलंही नाहीस, हे तुझं मोठेपण. एक नोव्हेंबरचं सकाळचं विमान घेतो. तुमच्याकडे राहायचं की जवळ वेगळी खोली घ्यायची ते आपण तिघं बसून ठरवू, मला दोन्ही चालेल. अनयाला मी स्वतः खरं सांगेन. सोबतच्या पाकिटात चमचाभर बी आहे, वाळलेल्या बोंडांतून कागदावर झाडून काढलं. मी यायची वाट पाहू नका. बॉथेलला पाऊस फार, म्हणून उतारावर, वाळू-खडी मिसळून, उन्हाच्या बाजूला याच महिन्यात टाका. राजेशला सांग, त्याला कळेल. थंडी खाल्ल्याशिवाय ते उगवत नाही, म्हणून वसंतापर्यंत उकरून बघू नका. आणि माझ्या हातात तिथे पाइप देऊ नका, मी मागितला तरी.

इथल्या तीन रोपांभोवती मी चार खुंट्या ठोकून सुतळी बांधली आहे आणि नव्या मालकांसाठी इंग्रजीत चिठ्ठी लिहून ठेवणार आहे, की कृपया पाणी घालू नये. ऐकतील न ऐकतील. चार वाजून गेले, ऊन उतरलं. रात्री गोठायच्या आत पाइप काढायला हवा, आत्ता जाऊन काढतो. नळ बंद करायचा, जोड सोडवायचा, एका टोकाकडून उचलत उचलत सगळं पाणी काढायचं, मग गुंडाळी करून गराजमधल्या त्याच खिळ्याला टांगायची.

तुझेच,
बाबा